मागचे ऑइल सील तीनदा बदलूनही गळती थांबत नसेल तर

जुन्या डिझेल पिकअपच्या इंजिनाचे मागचे ऑइल सील (क्रँक शाफ्ट मागे बाहेर येतो तिथे ऑइल अडवणारे रबरी कडे) बदलले, महिना-दीड महिना बरा गेला आणि पुन्हा बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या आवरणाच्या) तळाच्या भोकातून काळे ऑइल टपकू लागले, असा अनुभव ज्यांना वारंवार येतो त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझ्या गाडीचे हे सील अडीच वर्षांत तीन वेळा बदलले गेले. प्रत्येक वेळी गिअरबॉक्स उतरला, क्लच उघडला, मजुरी गेली, आणि प्रत्येक वेळी 'सील डुप्लिकेट निघाले' एवढेच कारण सांगण्यात आले. मीही ते मान्य केले. चौथ्या वेळी पावसाळ्यात बागेचे काम हलके असताना घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम हाती घेतले, तेव्हा कळले की तिन्ही सील चांगलीच होती. इंजिनाच्या पोटातून त्यांच्यावर जो दाब येत होता त्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

गाडी २००७ सालची आहे. अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे, टर्बो नसलेले डायरेक्ट इंजेक्शन इंजिन आहे आणि काटा तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेला आहे. तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागेचे काम ती करते : हंगामात क्रेट, नंतर बेदाणा, मधल्या काळात शेणखत आणि औषधे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे सांगितलेला प्रकार कोणत्याही जुन्या डिझेल इंजिनात असाच घडतो, आणि माझ्या बाबतीत तरी चूक कंपनीची नव्हती.

आधी लक्षण नीट वाचावे

तिन्ही वेळा मी गॅरेजमध्ये 'ऑइल गळतंय' एवढेच सांगितले. गळती केव्हा होते हे सांगितले असते तर कदाचित पुढचा खर्च वाचला असता. गावातून सांगलीच्या मार्केट यार्डापर्यंत जाऊन आले तर गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर दोन-तीन थेंबांपलीकडे काही दिसत नसे. मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये कराड, पाटणमार्गे द्राक्षे घेऊन चिपळूणला उतरलो आणि येताना नारळ भरून पोफळीपासून कुंभार्ली घाट चढून हेळवाकला थांबलो, की बेल हाउसिंगखाली वाटीभर ऑइल जमिनीवर पडलेले असे. त्याच थांब्यावर आणखी एक गोष्ट दिसत असे, जिच्याकडे मी दोन हंगाम दुर्लक्ष केले : ऑइल मोजायची डिपस्टिक तिच्या नळीतून दोन बोटे वर आलेली असे. ती सैल झाली असेल असे समजून मी दाबून बसवत असे आणि पुढे निघत असे.

डिपस्टिक आपोआप वर येत नाही. तिला खालून काहीतरी ढकलते, आणि ते ऑइल नसून वारा असतो. सिलिंडरमध्ये जळण पेटते तेव्हा त्यातला थोडा वायू पिस्टन रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या पोटात, उतरतो. नव्या इंजिनातही तो उतरतो. जुन्यात जास्त उतरतो, आणि भार जितका जास्त तितका तो वाढतो. तो बाहेर जावा म्हणून टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर, ब्रीदर दिलेला असतो, तिथून एक पाईप एअर फिल्टरच्या पुढच्या नळीला जोडलेला असतो आणि इंजिन तो वायू पुन्हा ओढून जाळते. ही वाट अरुंद झाली की वायूला कोंडून बसावे लागते आणि मग तो सापडेल त्या फटीतून, जाताना ऑइल बरोबर घेऊन, बाहेर पडतो. मागचे सील हे फिरत्या शाफ्टवर टेकलेला रबराचा नुसता ओठ आहे. उडालेले ऑइल अडवणे हे त्याचे काम. आतला दाब थोपवून धरणे हे नव्हे.

म्हणून गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत : ऑइल खरोखर कोठून येते आणि क्रँककेसमध्ये दाब किती आहे.

ऑइल कोठून येते

गळके इंजिन खालून पाहणे हीच पहिली चूक. ऑइल उतारावरून खाली आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जाते, त्यामुळे वरच्या कोणत्याही जागेची गळती शेवटी बेल हाउसिंगच्या तळाशीच येऊन टपकते. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून झिरपणारे ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून नेमके तिथेच येते आणि पाहणाऱ्याला ते मागचे सील वाटते.

इंजिन पूर्ण गार असताना डिझेल आणि ब्रशने धुऊन घ्यावे, नंतर साबणाच्या पाण्याने डिझेलचा तेलकटपणा काढावा आणि उन्हात वाळू द्यावे. अल्टरनेटर, स्टार्टर आणि एअर फिल्टरचे तोंड प्लास्टिकच्या पिशवीने बांधलेले असावे. कोरड्या इंजिनावर संशयाच्या प्रत्येक जोडावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड उडवावी आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणावी. पांढऱ्यावर काळी रेघ जिथून सुरू होते ती जागा खरी. रेघ जिथे संपते ती नव्हे.

टॅपेट कव्हर पाहून झाल्यावर खाली उतरत जावे. ऑइल प्रेशर स्विच आतून फुटून त्याच्या वायरच्या टोकातून ऑइल मारतो, हे पाच मिनिटांत सापडते आणि बहुधा कोणी शोधत नाही. ऑइल फिल्टरच्या बैठकीचे रिंग, पुशरॉडच्या बाजूचे झाकण आणि अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेल्या व्हॅक्यूम पंपाला ऑइल देणारा व परत नेणारा असे दोन्ही पाईप तपासावेत. यांपैकी परतीचा पाईप उष्णतेने कडक होऊन क्लॅम्पपाशी चिरतो. ब्लॉकच्या मागच्या तोंडाशी कॅमशाफ्टच्या भोकावर बसवलेली पत्र्याची टोपीही गळू शकते, पण ती फ्लायव्हील उतरवल्याशिवाय दिसत नाही; म्हणून फ्लायव्हील उतरलेच तर तिच्याकडे पाहिल्याशिवाय ते परत चढवू नये.

बेल हाउसिंगमधून येणारे ऑइल इंजिनाचेच आहे याचीही खात्री करावी. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे सील गेले तरी ऑइल त्याच भोकातून टपकते. डिझेल इंजिनाचे ऑइल चार दिवसांत काळे पडते. गिअर ऑइल घट्ट, मधासारखे असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. पांढऱ्या कागदावर एक थेंब घेतला की फरक कळतो.

शेवटची तपासणी डिपस्टिकची. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर फ्युएल पंपाच्या शाफ्टचे सील गळून डिझेल टायमिंग गिअरच्या बाजूने चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यात) उतरत असते. असे पातळ झालेले ऑइल कोणतेही सील रोखू शकत नाही आणि बेअरिंगांचे नुकसान होते ते वेगळेच. त्या परिस्थितीत आधी पंप काढावा, बाकी सगळे नंतर. वाढलेली पातळी आणखी एका कारणाने धोक्याची आहे : जास्तीचे ऑइल ब्रीदरच्या पाईपमधून ओढले जाऊन इंजिन स्वतःच्याच ऑइलवर भरधाव पळू लागते आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी ब्रेक दाबून धरून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडावा किंवा हवेच्या नळीच्या तोंडावर जाड फळी दाबावी. हात कधीही लावू नये.

सलाईनच्या नळीने दाब मोजणे

ऑइल भरायचे झाकण चालू इंजिनावर उलटे ठेवून ते नाचते का पाहणे, ही गॅरेजमधली नेहमीची पद्धत. ती अगदीच निरुपयोगी नाही, पण जुन्या डिझेलवर झाकण थोडे नाचतेच आणि किती नाचले म्हणजे वाईट हे पाहणाऱ्याच्या मनावर राहते. त्यापेक्षा औषधाच्या दुकानातून सलाईनची एक नळी आणावी, ती फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी बांधावी, निम्मी पाण्याने भरावी आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला रबराच्या तुकड्याने हवाबंद जोडावे. दुसरे टोक मोकळे ठेवावे. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत १० सेंटिमीटरचा फरक पडला तर आत साधारण एक किलोपास्कल, म्हणजे बारच्या शंभराव्या भागाइतका दाब आहे. ऐकायला हे काहीच वाटत नाही, पण चेंबरचे पॅकिंग आणि सीलचे ओठ याच मापाच्या दाबाला ऑइल सोडू शकतात. काही इंजिनांत क्रँककेसमध्ये दाबाऐवजी किंचित ओढ असते. तेव्हा नळीचा वेढा चांगला उंच ठेवावा, नाहीतर पाणी आत ओढले जाईल.

पहिल्या दिवशी गार इंजिनावर ही चाचणी केली तेव्हा फरक जेमतेम दोन सेंटिमीटर आला आणि दाबाचा माझा संशय खोटा ठरला असेच मला वाटले. गॅरेजमध्येही तिन्ही वेळा गाडी रात्रभर उभी राहून गार झाल्यावरच उघडली गेली होती, हे तेव्हा लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी शेणखताची खेप टाकून गाडी परत आली तेव्हा पुतण्याला फळी धरायला उभे केले आणि गरम इंजिनाचा वेग हळूहळू वाढवला. "काका, पाणी वर चाललंय बगा," एवढे तो म्हणेपर्यंत पाणी नळीच्या मोकळ्या टोकातून त्याच्या शर्टावर उडाले होते. फळीवरची पट्टी ३० सेंटिमीटरची होती. तिच्यावर मोजण्यासारखे काही उरले नाही.

आता हा दाब जास्त वायू उतरल्यामुळे आहे की वाट बंद असल्यामुळे, हे ठरवायचे होते आणि त्याची चाचणी सोपी आहे. टॅपेट कव्हरवरचा ब्रीदरचा पाईप ओढून काढला आणि कव्हरचे तोंड हवेत मोकळे ठेवून पुन्हा तोच वेग दिला. फरक तीन सेंटिमीटरवर उतरला. ब्रीदर मोकळा केल्यावरही पाणी वरच राहिले असते, तर दोष रिंगांचा किंवा लायनरचा समजून मी सीलचा विचारच सोडला असता, कारण अशा इंजिनाला बोअरचे काम करावे लागते आणि त्याआधी घातलेले प्रत्येक सील फुकट जाते. खात्रीसाठी इंजेक्टर काढून कॉम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) मोजून घेतले : चारही सिलिंडर २३ ते २५ बारच्या दरम्यान आले. या वयाच्या इंजिनाला ते समाधानकारक आहे, आणि आकड्याइतकेच महत्त्व चौघांत मोठी तफावत नसण्याला आहे. इंजेक्टर परत बसवताना तांब्याचे वॉशर नवेच घालावेत.

आणखी एक चोरवाट इथेच तपासून घ्यावी, जी फार थोड्या लोकांना माहीत असते. ब्रेक बूस्टरसाठी (ब्रेक हलका लागावा म्हणून असलेल्या डब्यासाठी) हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप ती हवा ऑइलसोबत इंजिनाच्या पोटातच सोडतो. बूस्टरचा पडदा किंवा त्याचा पाईप फुटका असेल तर पंप अखंड बाहेरची हवा ओढून क्रँककेसमध्ये भरत राहतो आणि रिंगा निर्दोष असूनही दाब वाढतो. इंजिन चालू ठेवून पंपाजवळच बूस्टरचा पाईप चिमटीत दाबून बंद करावा. सलाईनच्या नळीतले पाणी लगेच खाली आले तर चोर सापडला. ब्रेक कडक लागत असल्याची तक्रारही सोबत असेल तर हे आधीच पाहावे. माझ्याकडे पाणी हलले नाही.

पाईप

काढलेला ब्रीदर पाईप हातात घेतला तेव्हा तो चपटा होता. थंड पाण्यात बुडवून ठेवला तर पाच मिनिटांत गोल झाला. तो मूळचा पाईप नव्हताच. तीन वर्षांपूर्वी ऐन तोडणीच्या दिवसांत मूळचा रबरी पाईप चिरला होता, आणि बाजारात जाण्याइतका वेळ नसल्याने शेतात पाणी पाजायच्या एक इंची हिरव्या प्लास्टिक पाईपचा तुकडा कापून, दोन क्लॅम्प आवळून, मीच तो बसवला होता. तात्पुरता म्हणून बसवलेली वस्तू आपल्याकडे किती वर्षे टिकते हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. गार असताना तो पाईप ठणठणीत गोल दिसे. इंजिन तापले की मऊ पडे, आणि घाटात पूर्ण एक्सलरेटर दिला की एअर फिल्टरच्या बाजूने येणाऱ्या ओढीने त्याच्या भिंती एकमेकींना चिकटत. बागेच्या रस्त्यावरच्या धुळीने फिल्टर तुंबलेला असल्यामुळे ती ओढ नेहमीपेक्षा जास्तच असे. म्हणजे इंजिनाला श्वास सोडण्याची सर्वांत जास्त गरज ज्या क्षणी असे, नेमक्या त्याच क्षणी त्याचे नाक दाबले जात होते. पहिले सील बदलायची वेळ पाईप बसवल्यावर सहा महिन्यांनी आली होती. हा हिशेब मी तिसऱ्या सीलनंतर मांडला.

टॅपेट कव्हरच्या आत ब्रीदरच्या तोंडाशी ऑइलचे थेंब अडवणारी तारेची जाळी असते. ती डांबरासारख्या गाळाने निम्म्याहून अधिक भरली होती. कव्हर काढून रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, सकाळी ब्रशने घासले आणि कॉम्प्रेसरची हवा उलट्या बाजूने मारली. जाळी काढून फेकून देण्याचा सल्ला काही मंडळी देतात. तो ऐकू नये, कारण जाळी नसेल तर ऑइलचे तुषार थेट हवेच्या नळीत जातात. नवा पाईप ऑइल सोसणाऱ्या रबराचा, आत कापडाचा थर असलेला आणि मूळच्याच आतल्या मापाचा घेतला, आणि मध्ये कोठेही झोळ पडणार नाही असा बसवला, कारण झोळात पाणी साठून थंडीत पुन्हा तीच वाट बुजते.

तरीही गिअरबॉक्स उतरवावा लागला

दाब गेला म्हणजे गळती आपोआप थांबेल अशी आशा होती. ती बरीच कमी झाली, पण थांबली नाही, कारण अडीच वर्षांत दाबाने आणि तीन वेळच्या उघडझापीने आणखी दोन जागा बिघडवल्या होत्या.

गिअरबॉक्स एकट्याने उतरवू नये. तो आडवा हातात आला की पन्नास किलोच्या आसपासचे वजन छातीवर असते. मागच्या दोन्ही चाकांना ठोकळे, चेसीखाली घोड्या (लोखंडी स्टँड), बॅटरीची निगेटिव्ह तार सोडलेली, आणि गिअरबॉक्सखाली जॅकवर फळी ठेवून दोघांनी काम करावे; नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. प्रॉपेलर शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करावी, म्हणजे तो त्याच स्थितीत परत बसतो. क्लच आणि फ्लायव्हीलवरही तशीच खूण करावी. बाकी या भागात लिहिण्यासारखे विशेष नाही. कष्टाचे काम आहे, पण गुंतागुंतीचे नाही.

फ्लायव्हील निघाल्यावर पहिली गोष्ट नखाने पाहिली. क्रँकच्या ज्या गोलाईवर सीलचा ओठ फिरतो तिथे बारीक खाच पडली होती आणि नख तिच्यात अडकत होते. तीन नवी सील त्याच खाचेत बसवली गेली होती. यावर दोन उपाय आहेत. सीलच्या बैठकीत जागा असेल तर नवे सील आधीच्या खोलीपेक्षा दीड-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या पृष्ठभागावर आणता येतो. मात्र त्यामुळे ऑइल परत जाण्याचे भोक झाकले जात नाही आणि फ्लायव्हील सीलला घासत नाही, हे पाहावे लागते. दुसरा उपाय म्हणजे त्या गोलाईवर कागदासारखी पातळ स्टीलची बाही चढवणे. माझ्या बैठकीत जागा होती, म्हणून पहिला उपाय केला. सीलची बैठक ज्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत असते ती मात्र तीन वेळच्या ठोकाठोकीने ओरखडली होती. ती कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवर नेऊन तोंड साफ करून आणली. जाण्यापूर्वी क्रँक पुढे-मागे आणि वर-खाली हलवून पाहिला. मेन बेअरिंग झिजून क्रँक वर-खाली हलत असेल तर ओठ त्याच्यामागे धावू शकत नाही आणि सीलचे काम तिथेच थांबवावे लागते.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, हे सर्वांना माहीत असते. रबराच्या ओठाला इंजिन ऑइलचा हात लावून बसवावे. पांढऱ्या किंवा राखाडी टेफ्लॉनच्या ओठाचे सील मात्र कोरडेच बसवायचे असते आणि ते सोबत आलेल्या प्लास्टिकच्या कड्यावरूनच सरकवायचे असते. सीलवर बाण कोरलेला असेल तर तो क्रँकच्या फिरण्याच्या दिशेशी जुळला पाहिजे. सील घेताना दुकानात रबर कोणते, हे विचारावे. साधे नायट्राइल साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या वर फार काळ राहिले की कडक होऊ लागते. व्हिटॉन त्याहून कितीतरी अधिक उष्णता सोसते आणि किमतीतला फरक एका वेळच्या मजुरीपुढे नगण्य आहे. ठोकण्यासाठी सीलच्याच मापाचा पाईपचा तुकडा किंवा जुने सील वापरावे. पेचकसाच्या टोकाने कडा-कडांवर ठोकलेले सील वाकडे बसते आणि वाकडे बसलेले सील गळणारच.

दुसरी बिघडलेली जागा अधिक फसवी होती. सीलची चौकट ब्लॉकला मागून बोल्टने जोडलेली असते, पण तिची खालची कड चेंबरच्या पॅकिंगवर टेकते. चौकट नुसती ओढून काढली की ते पॅकिंग तिथे फाटते, आणि चेंबर न उतरवता चौकट परत लावली की ब्लॉक, चौकट आणि चेंबर असे तिघे जिथे भेटतात त्या दोन्ही कोपऱ्यांत फट राहते. आधीच्या तिन्ही वेळा नेमके हेच झाले होते आणि फटीवर बाहेरून सिलिकॉनचा लेप दिलेला होता. बाहेरून लावलेले सिलिकॉन गळती थांबवत नाही; ती दुसऱ्या जागेकडे वळवते.

म्हणून चेंबर उतरवला. त्यासाठी इंजिन ज्यांवर टेकते त्या दोन्ही फाउंडेशनचे नट सोडून ते चार बोटे उचलावे लागले, कारण चेसीचा आडवा मेंबर मध्ये येतो. चेंबरच्या आत जे दिसले त्यासाठीच हे सर्व केले असते तरी चालले असते : ऑइल पंपाच्या चाळणीवर निळ्या सिलिकॉनच्या शेवया अडकल्या होत्या. पॅकिंग गळू नये म्हणून सढळ हाताने लावलेले सिलिकॉन दाबले गेले की जितके बाहेर येते तितकेच आत जाते, सुकते, तुटते आणि चाळणीत येऊन बसते. आणखी थोड्या शेवया जमल्या असत्या तर ऑइल प्रेशर गेले असते आणि मग गळतीचा प्रश्नच उरला नसता.

चेंबरचा काठ पत्र्याचा असतो आणि प्रत्येक वेळी 'आणखी थोडा' आवळल्यामुळे बोल्टच्या भोकांभोवती तो खोलगट होतो. मग बोल्टपाशी पॅकिंग चिरडते आणि दोन बोल्टांच्या मधे त्यावर दाबच येत नाही. सपाट लोखंडी पाट्यावर काठ पालथा ठेवून, मध्ये लाकूड धरून, हातोडीने प्रत्येक भोक सपाट केले. जुने पॅकिंग खरवडताना ॲल्युमिनियमच्या भागांवर लोखंडी पाती वापरू नये. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडे केले, नवे पॅकिंग कोरडेच बसवले आणि सिलिकॉन फक्त त्या दोन तिवाठ्यांवर, ज्वारीच्या दाण्याएवढे, लावले. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन इंजिनावर वापरू नये. ऑइल सोसणारे, इंजिनासाठीचे म्हणून मिळते तेच घ्यावे आणि ऑइल भरण्यापूर्वी त्याला पूर्ण एक दिवस द्यावा. १३ च्या पान्याने फिरणारे ८ मिलिमीटरचे बोल्ट मधून कडेकडे, दोन फेऱ्यांत, गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळावेत. टॉर्क पाना नसेल तर तो मित्राकडून मागून आणावा, पण लांब दांड्याचा पाना इथे हाती घेऊ नये. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घालावेत आणि त्यांचा टॉर्क अंदाजाने देऊ नये.

निघालेले ऑइल बागेच्या लाकडी डांबांना वाळवी लागू नये म्हणून फासण्याची किंवा ओढ्याकाठी ओतण्याची आपल्याकडे रीत आहे. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेले ऑइल मोडते. कॅनमध्ये भरून ते अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडेच द्यावे. विहिरीच्या पाण्यावर त्याची साय आलेली मी पाहिली आहे.

सुरू केल्यानंतर

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी स्टॉप केबल ओढून धरून स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवला, ऑइलचा दिवा विझल्यावरच डिझेल सोडले. वीस मिनिटे चालवून गार होऊ दिल्यावर टॅपेट कव्हरच्या बुचाच्या पॅकिंगचे नट पाव-पाव फेरा आवळून पाहिले. बुचाचे पॅकिंग एकदा बसते, त्यानंतर पुन्हा पुन्हा आवळले तर ते फक्त बाहेर येते. ऑइल नेहमीचेच १५डब्ल्यू-४० भरले. गळती दबावी म्हणून जास्त घट्ट ऑइल घालणे किंवा सील फुगवणारी बाटली ओतणे हे उपाय मी दुसऱ्या सीलनंतर दोन्ही करून पाहिले होते. बाटलीने महिनाभर बरे वाटले. नंतर तेच सील अधिकच मऊ पडले.

पुन्हा पावडर उडवून, पुन्हा सलाईनची नळी लावून, या वेळी खेप टाकून आल्यावर गरम इंजिनावरच मोजले : तीन सेंटिमीटर. तो आकडा तारखेसह टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला नव्हे, तर गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात लिहून ठेवला आहे. दर ऑइल बदलताना एकदा मोजतो. तो हळूहळू वाढू लागला तर रिंगांची वेळ आली असे समजायचे. एकदम वाढला तर आधी ब्रीदर पाहायचा.

त्यानंतरच्या हंगामात कुंभार्ली घाट नऊ वेळा चढला. हेळवाकला थांबल्यावर बॉनेट उघडून आधी डिपस्टिक पाहतो. ती जागेवर असते. बेल हाउसिंगचे भोक कोरडे आहे. पुढच्या क्रँक पुलीमागे मात्र अजून घामासारखा ओलेपणा येतो, थेंब पडत नाही. ते सील बदलायला रेडिएटर काढावा लागेल. ऑक्टोबर छाटणी उरकली की पट्टा बदलायचा आहेच, तेव्हा ते काम त्यातच करणार आहे, पण पुलीच्या गोलाईवर नख फिरवून पाहिल्यावरच.